माहितीस्तव प्रत, नव्या जिल्ह्याला

...आणि वर मलाच म्हणतो, "निवृत्ती, कुठं बोलू नको हं." आता तुम्हीच सांगा, दर रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसायचं, दोन कप चहा प्यायचा, तेच गाऱ्हाणं पहिल्यापासून शेवटापर्यंत सांगायचं, आणि जाताना चप्पल घालता घालता म्हणायचं, कुठं बोलू नको. बोलू नको तर सांगतो कशाला? माझं पोट हाय का रांजण हाय? तुम्हाला सांगतो, साडू हाय म्हणून ऐकून घेतो मी. नरसिंग त्याचं नाव. लातूरला एका कचेरीत कंप्युटरवर हाय. कोणती कचेरी ते सांगणार न्हाई, खामखा सासुरवाडीत माझा चहा बंद व्हायचा. पाण्याच्या टँकरचं बघणारी कचेरी, एवढंच ध्यानात ठेवा. आणि नरसिंग तिथं कायम न्हाई बरं का. अकरा महिन्याची ऑर्डर. अकरा महिने भरले की घरी बसायचं, साहेबाची सही झाली तर पुन्हा अकरा महिने, न्हाई झाली तर बसूनच राहायचं. दोन लेकरं, भाड्याची खोली, आणि अकरा महिन्याची ऑर्डर... माणूस भिणार न्हाई तर काय करंल?

ते साल तुम्हाला आठवत असंल. लातूरला पाणी रेल्वेनं आलं ते. धरणात लोक चारचाकी शिकायला जात व्हते, एवढी मोकळी जागा दुसरी कुठं व्हती? पाहुणा दारात आला की आधी म्हणायचा, पाणी नको, घेऊन आलोय, आणि मग बसायचा. अशा साली आमचा नरसिंग त्या कचेरीत सर्व्हर सांभाळत व्हता. सर्व्हर म्हणजे मोठा कंप्युटर, त्याला स्वतंत्र खोली, खोलीला एसी. माणसाला पंखा न्हाई, मशीनला एसी. असो. तर हे मशीन दिवसभर बडबड करतंय. कोण कामाला बसलं, कोण उठलं, कोणत्या टँकरची चिठ्ठी निघाली, कोणत्या भरणा केंद्रावरची, म्हणजे टँकर भरायच्या जागेवरची, मोटर बंद पडली, सगळं एकेक ओळ लिहून ठेवतंय. त्याला लॉग म्हणतेत. आता ही बडबड जायची कुठं? तर तिथं एक छोटी फाईल असती. डाव्या बाजूला लिहायचं, कोणाची बडबड आणि किती गंभीर. उजव्या बाजूला लिहायचं, ती कुठं पाठवायची. मशीनच्या वहीत, का साहेबाच्या मोबाईलवर, का दुसऱ्या गावच्या मशीनला. गंभीरपणाच्या पायऱ्या आठ. खालची म्हणजे नुसती खबर, वरची म्हणजे घर पेटलं. आणि सगळंच पाठवायचं असलं तर एक चांदणी काढायची, झालं. मला नववी नापासाला समजलं बगा. नरसिंगला तर पाठच व्हतं. पण समजणं वेगळं आणि कोणत्या ओळीला आपलं नाव चिकटंल ही फिकीर वेगळी. रात्रंदिवस त्याला वाटायचं, ह्या फाईलीत एक ओळ चुकली की आपण गेलो.

आणि साहेब कसे, तर पुण्याकडचे, शुद्ध बोलणारे, आणि सगळं तोंडी सांगणारे. एकदा काय झालं, औशाकडच्या भरणा केंद्रावरची मोटर सकाळी आठला बंद पडली. मशीननं आठ वाजून एक मिनिटाला ते लिहून ठेवलं. पण लिहिलं वहीत, आणि वही वाचतो कोण? साहेबाला दुपारी तीनला कळलं, ते बी दारात घागरी घेऊन बाया आल्या तवा. साहेबानं नरसिंगला बोलावलं. "नरसिंग, यापुढे एकही मेसेज माझ्यापासून चुकता कामा नये." नरसिंग म्हणला, साहेब, कोणत्या पायरीपासून पाठवू? साहेब म्हणले, "दुष्काळ आहे. सगळंच गंभीर आहे." नरसिंग भीत भीत म्हणला, साहेब, तेवढं लेखी मिळालं असतं तर... साहेबानं चष्म्यावरून बघितलं. नरसिंगनं जाऊन चांदणी काढली.

आता तुम्हीच बगा काय व्हणार. दुसऱ्या दिवशी साहेब मुंबईच्या मोठ्या साहेबांबरोबर टीव्हीवरच्या मीटिंगला बसलेले, आणि खिशात मोबाईल किर्र, किर्र, किर्र. त्यांना वाटलं कुठं तरी मोठी आफत झाली. टेबलाखाली बघतेत तर काय, "नरसिंग कामाला बसला." पुन्हा किर्र. "नरसिंग उठला." लघवीला गेला व्हता हो तो, भीतीनं सारखं जावं लागायचं त्याला, तर ते बी साहेबाला खबर. मीटिंग संपल्यावर साहेब म्हणले, "तू कधी बसलास आणि कधी उठलास, याच्याशी मला काय करायचंय?" नरसिंगनं चांदणी काढून टाकली, वरच्या तीन पायऱ्या तेवढ्या ठेवल्या. मग त्याला दुसरी भीती. आता चौथ्या पायरीवर काही घडलं तर? मला म्हणला, निवृत्ती, मी जेवायला बसलो की वाटतंय चौथ्या पायरीवर काही तरी व्हलालंय. अकरा महिन्याची ऑर्डर... माणूस भिणार न्हाई तर काय करंल?

मग ह्याला भेटले व्यंकटराव. म्हणजे व्हतेच ते तिथं, तीस वर्षापासून आवक-जावकच्या टेबलावर. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का, बस्स. त्या माणसावर तीस वर्षात एक नोटीस न्हाई. नरसिंगला त्यांनी शेजारी बसवलं, पानाची डबी उघडली आणि म्हणले, "लेकरा, तू नाहक बेजार व्हलालास. मी सांगतो ते ध्यानात ठिव. कागद आपल्यापाशी थांबला की जिम्मेदारी आपली. कागद पुढं गेला की जिम्मेदारी बी त्याच्यासंगं गेली. म्हणून थांबू द्यायचा न्हाई. खाली लिहायचं, प्रत माहितीस्तव सविनय सादर. चार जणाला प्रत गेली की पाचव्याला इचारायला तोंड राहत न्हाई." नरसिंग म्हणतो, ते ऐकून मला चार महिन्यांनी पहिल्यांदा झोप लागली. ऐका. झोप कशानं लागली, तर ह्यानं.

आणि त्याच साली नव्या जिल्ह्याची हवा. कोणतं गाव जिल्हा व्हणार ते मी सांगत न्हाई. एका गावाचं नाव घेतलं की दुसऱ्या गावचे लोक रस्त्यावर टायर पेटवतेत, मला उद्या एसटीनं उमरीला लग्नाला जायचंय. एवढंच सांगतो की जिल्हा जाहीर न्हाई, पण तयारी सगळी. भाड्याची खोली घेतलेली, पाटी रंगवून तिच्यावर वर्तमानपत्र चिकटवलेलं, आत एक सर्व्हर आणि सर्व्हरपुढं एक माणूस बसवलेला. माणिकप्पा त्याचं नाव, देगलूरकडचा. त्याची बी ऑर्डर अकरा महिन्याची. झालेल्या जिल्ह्यात माणूस भीत भीत नोकरी करतो, हा तर न झालेल्या जिल्ह्यात करलालाय, त्याचं काळीज केवढंसं झालं असंल बगा.

साहेब एक दिवस जाता जाता म्हणले, "नरसिंग, जे तालुके नव्या जिल्ह्यात जाणार त्यांचे मेसेज तिकडेही जाऊ देत. तयारी असलेली बरी." नरसिंग म्हणला, साहेब, कोणते तालुके? "ते अजून ठरायचंय." मग साहेब, लेखी... "जिल्हाच झालेला नाही, लेखी कसं देऊ?" आणि गेले की हो गाडीत बसून. आता हा उभा. पाठवावं तर ऑर्डर न्हाई. न पाठवावं आणि उद्या सकाळी जिल्हा झाला तर? गेला पुन्हा व्यंकटरावाकडं. व्यंकटरावांनी पान चावता चावता निकाल दिला. "माहितीस्तवला ऑर्डर लागत न्हाई. आणि तालुके ठरले न्हाईत ना, मग सगळेच पाठव. नको असतील ते परत करतील." तुम्हाला सांगतो, हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा. नको असतील ते परत करतील. नरसिंगनं फाईल उघडली, डाव्या बाजूला चांदणी, उजव्या बाजूला माणिकप्पाच्या मशीनचा पत्ता. जे काही ह्या मशीनवर लिहिलं जाईल, कोणाचं बी, कुठलं बी, त्याची प्रत नव्या जिल्ह्याला.

तिकडं माणिकप्पाच्या मशीनवर मेसेज येऊन पडायला लागले. त्याचा जीव टांगणीला. "अय्यो, आमचा जिल्हाच न्हाई आणि ह्यांच्या मोटरी आमच्याकडं कशाला बंद पडलालेत?" ठेवून घेतले तर स्वीकारले असं व्हतंय. पुसले तर गहाळ केले असं व्हतंय. त्याच्या बी शेजारी असंच कोणी तरी पिकलेलं माणूस असणार, कारण त्यानं मंगळवारी सकाळी अकराला काय करावं? फाईल उघडली, एक ओळ टाकली. जे जे येईल ते ते, आपल्या स्तरावरून योग्य त्या कार्यवाहीस्तव, मूळ कार्यालयास परत.

झालं. आता तुम्ही डोळ्यापुढं आणा. मंगळवार, सकाळचे अकरा. नरसिंग एसीच्या खोलीत येऊन बसतो. मशीन लिहितं, "नरसिंग कामाला बसला." प्रत नव्या जिल्ह्याला. तिकडून, परत मूळ कार्यालयास. इकडं आली, मशीनला वाटलं नवीनच काही तरी आलंय, लिहून घेतलं, प्रत नव्या जिल्ह्याला. तिकडून परत. इकडून माहितीस्तव, तिकडून कार्यवाहीस्तव, इकडून माहितीस्तव, तिकडून कार्यवाहीस्तव... आणि हे कागद न्हाईत हो, की बुधवारी गेला आणि सोमवारी आला. पापणी लवली की दहा फेऱ्या. कचेरीचं तीस वर्षाचं टपाल त्या मशीननं अर्ध्या तासात केलं. एकच्या सुमाराला सगळी जागा भरली. अकरा लाख ओळी, आणि प्रत्येक ओळीत काय, तर नरसिंग कामाला बसला. चोर एक बोटाचा ठसा ठेवून जातो, ह्यानं अकरा लाख वेळा स्वतःचं नाव ठेवलं.

जागा भरली तशी मशीन मुकं झालं. आता तुम्ही म्हणाल, झालं तर झालं, बडबड थांबली. पण टँकरची चिठ्ठी कोण छापतंय? तेच मशीन. चिठ्ठी असल्याशिवाय भरणा केंद्रावर नळी जोडत न्हाईत, हातानं लिहिलेली चालत न्हाई, मागं त्याच्यात घोटाळे झाले म्हणून साहेबानंच बंद केलेली. दुपारच्या खेपेचे अडतीस टँकर रांगेत उभे. बेचाळीस, त्रेचाळीस डिग्रीचं ऊन. ड्रायव्हर लोक टँकरच्याच सावलीत बसलेले. आणि अडतीस टँकर म्हणजे अडतीस गावं.

नरसिंगला कळायला पाच मिनिटं बी लागली न्हाईत. फाईल उघडली, स्वतःची ओळ दिसली, परत आलेल्या मेसेजवर माणिकप्पाच्या मशीनचं नाव दिसलं. एसीच्या खोलीत घाम फुटला त्याला. बाहीनं असा, असा पुसला. मला करून दाखवतो ना दर रविवारी, चहा सांडतो आमच्या सतरंजीवर. त्यानं माणिकप्पाला फोन लावला.

"माणिकप्पा, ती तुमची ओळ काढा की हो."

"मी काढली तर माझी चूक व्हती असं व्हतंय की रे अप्पा. तुम्ही आधी काढा."

"मी काढली तर साहेब म्हणतील, टाकली कोणाला इचारून व्हती?"

"माझी बी अकरा महिन्याची ऑर्डर हाय."

"कधी संपती?"

"श्रावणात. तुमची?"

"तीस जूनला."

मग फोन कोणीच ठेवला न्हाई. तिकडं पंख्याचा आवाज, इकडं एसीचा. मला म्हणला, निवृत्ती, त्या माणसाचं मी तोंड बघितलेलं न्हाई, पण सख्ख्या भावावानी वाटला मला तो. मी म्हणलं, अरे वाटलं ना, मग ओळ काढायची की. म्हणतो, न्हाई ना, तीस जून जवळ व्हती.

आणि ओळ काढायची म्हणलं तरी निघंना. फाईल बदलून ठेवायला बी मशीनमध्ये जागा लागती, जागा तर तांदळाएवढी न्हाई. आधी त्या अकरा लाख ओळी पुसायला पाहिजेत. नरसिंग पळत व्यंकटरावाकडं. व्यंकटराव डबा खाऊन हात पुसत व्हते. सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "पुसायच्या? अभिलेख पुसायचे? लेकरा, कागद नष्ट करायला समिती लागती. अ वर्गाचा कागद कायम ठेवायचा, ड वर्गाचा वर्षानं फाडायचा. हे कोणत्या वर्गातलं हाय?" नरसिंग म्हणला, व्यंकटराव, एकच ओळ हाय हो, अकरा लाख वेळा आलेली. व्यंकटराव म्हणले, "प्रत ती प्रतच असती. समितीची बैठक पुढच्या महिन्यात हाय, त्यात ठिवू." पुढच्या महिन्यात. अडतीस टँकर उन्हात.

तेवढ्यात मोबाईल वाजला. धुरपताबाईचा. धुरपताबाई म्हणजे नरसिंगची आई, औशाजवळच्या वाडीत राहती, त्या वाडीला एका दिवसाआड टँकर. हाव, त्याच भरणा केंद्राचा.

"नरसिंगा, टँकर काहून आला न्हाई रे? सकाळपून घागरी लावून बसलोत. ती पारूबाई भोवळ येऊन पडली, तिला माझ्या वाटणीचं तांब्याभर दिलं."

नरसिंग फोन कानाला लावून व्हरांड्यात आला.

"बाया उठून जायला लागल्या व्हत्या, मी म्हणलं, बसा गं, माझा ल्योक तिथंच हाय, त्याच्या मशीनवरूनच चिठ्ठी निघती, तो काही आपल्याला तहानलेलं ठेवणार न्हाई. बसल्यात सगळ्या. येतोय न्हवं?"

तुम्हाला सांगतो, ही गोष्ट सांगताना तो दर वेळी इथं थांबतो. बशीत बघत बसतो. मी बी मग दुसरा कप पुढं सरकवतो. माणूस भित्रा असला म्हणून त्याला लाज नसती असं थोडंच हाय? त्याला म्हणे वाटलं की आपल्याइतका नालायक माणूस साऱ्या मराठवाड्यात नसंल. आई घागरीपाशी बसून आपली जमानत देलालीय, आणि आपण अ वर्ग का ड वर्ग इचारत फिरलालोत.

"येतोय माय," म्हणला. फोन ठेवला. आणि गेला की हो त्या खोलीत. कोणाला इचारलं न्हाई, कोणाला प्रत न्हाई, माहितीस्तव न्हाई. अकरा लाख ओळी एका बोटानं पुसून टाकल्या. फाईल उघडली, स्वतःची ओळ काढली. मशीनला सांगितलं, फाईल पुन्हा वाच. आणि बसला डोळे मिटून. शेजारच्या खोलीत प्रिंटर खर्र खर्र करून चालू झाला. अडतीस चिठ्ठ्या. रडला म्हणे तिथंच, सर्व्हरला पाठ लावून. संध्याकाळी आईचा फोन, "आला बरं का. मी म्हणलंच व्हतं बायांना."

पण साहेब सोडतेत व्हय? सगळ्यांना उभं केलं. "हे कोणी केलं?" व्यंकटरावांनी छताकडं बघितलं. बाकीच्यांनी व्यंकटरावाकडं बघितलं. आणि आमचा नरसिंग एक पाऊल पुढं आला, म्हणला, "मी, साहेब. टाकली बी मी आणि पुसली बी मी." साहेबांनी कागद ओढला, लिहिलं, सही केली आणि ह्याच्या हातात दिला. "चोवीस तासांत लेखी खुलासा सादर करावा." बगा म्हणजे. वर्षभर हा लेखी द्या, लेखी द्या करत हिंडत व्हता, पहिल्यांदा लेखी मिळालं ते हे.

नरसिंगनं खुलासा लिहिला. एकच पान, सगळं खरं. "साहेबांनी तोंडी सांगितल्याप्रमाणे" असं दोन ठिकाणी आलं त्यात, न येऊन कुठं जातंय? साहेबांनी ते वाचलं आणि, तुम्हाला सांगतो, साहेबाला बी घाम फुटला. शुद्ध बोलणाऱ्याला बी फुटतो. हा कागद आपल्या टेबलावर थांबता कामा नये. पाठवला वरच्या कचेरीला, मार्गदर्शनास्तव. वरच्या कचेरीनं वाचला, म्हणले हे तर नव्या जिल्ह्याच्या मशीनचं प्रकरण, पाठवा नव्या जिल्ह्याला, अभिप्रायास्तव. नव्या जिल्ह्यानं लिहिलं, अद्याप आमची निर्मिती झालेली न्हाई, सबब मूळ कार्यालयास परत. मूळ कार्यालयात व्यंकटरावांनी शिक्का मारला, आवक. पान पालटलं, शिक्का मारला, जावक. पाठवला वरच्या कचेरीला. चालला कागद. मशीनमधली ओळ थांबवता आली, ही कोण थांबवणार? हिला समिती बी न्हाई.

तीस जून आला. नरसिंग बायकोला सांगून गेला, आज डबा नको, दुपारी घरीच असंन. आस्थापनेत केवळाबाई म्हणून बाई हाय, तिनं रजिस्टर काढलं. "तुमची तर चौकशी चालू हाय. चौकशी चालू असताना सोडता येत न्हाई. आणि चौकशी संपल्याशिवाय नवी ऑर्डर देता येत न्हाई." नरसिंग म्हणला, मग मी काय करू बाई? "काय करायचंय? जाऊन बसा खोलीत."

बसलाय तवापासून. व्यंकटराव पेन्शनीत गेले, साहेब बदलून गेले, हा हायच. रोज सकाळी आवक-जावकच्या टेबलावर जाऊन इचारतो, माझा खुलासा कुठं हाय? तिकडं हाय म्हणले की दोन भाकरी खातो. इकडं आलाय म्हणले की घास उतरत न्हाई. माणिकप्पाला दर आठवड्याला फोन, "पाठवलात का परत?" "पाठवला की रे अप्पा, सकाळीच." आणि मागच्या महिन्यात नव्या जिल्ह्यासाठी मोठा मोर्चा निघाला, सह्या घेलालते, ह्याच्यापुढं बी कागद धरला. जिल्हा झाला की अभिप्राय येणार, अभिप्राय आला की चौकशी संपणार, चौकशी संपली की हा घरी. साऱ्या इलाख्यात एकटाच माणूस, जो देवाला म्हणतो जिल्हा नको. तरी सही केली का न्हाई? केली. समोर चार माणसं उभी व्हती, भिऊन केली.

येईलच आता तो, रविवार हाय. तुम्ही कुठं बोलू नका बरं का. त्याचं काय चुकतंय म्हणा... अकरा महिन्याची ऑर्डर हो, चौथं साल लागलंय तिला.